माळ गळ्यात, सुई दंडात

राम कृष्ण हरी, ताई.

मी कोपरखैरण्यात राहतो, वय ६६. मूळ गाव जुन्नर तालुक्यात, आळ्याजवळ. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होतो, आता निवृत्त आहे. चोविसाव्या वर्षी आळंदीला माळ घातली. तेव्हापासून मटण, मासळी, अंडं, दारू कशाला शिवलो नाही. माऊलींच्या पालखीबरोबर दरवर्षी पायी जातो. गेल्या वर्षी वाखरीलाच ताप भरला. कोणाला सांगितलं नाही, दर्शन करूनच घरी आलो. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस इस्पितळात, त्यातले तीन ऑक्सिजनवर. साखर आहे, छातीचाही जुना त्रास आहे. डॉक्टर म्हणतात, यंदा वारीला जायचं असेल तर फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेऊन जा. सूनबाईने मोबाइलवर वाचलं की फ्लूची लस अंड्यात करतात. दिंडीतले एक जुने सोबती म्हणाले, सुईतून अंडं अंगात गेलं की माळ बाटली, आणि इतकी वर्षं चालतोस, तुझा पांडुरंगावर भरवसा नाही का? मुलगा म्हणतो, एक दिवस माळ काढून ठेवा, टोचून घ्या, संध्याकाळी परत घाला. बायको काहीच बोलत नाही. वारीला दोन महिने राहिलेत. रात्रीची झोप गेली आहे. मी काय करू?

— एक माळकरी, कोपरखैरणे

राम कृष्ण हरी, माऊली.

आधी तुमच्या मुलाचं बोलणं निकालात काढते, कारण पत्रात मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. बापाला ऑक्सिजनवर बघितलेलं पोर आहे, काळजीपोटी बोलला असेल. पण माळ तुटली तर नवी ओवून गळ्यात येईपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या माणसाला असला तोडगा सांगायचा नसतो. दुपारपुरती माळ खुंटीला लावायची म्हणजे पांडुरंगाला सांगायचं, जरा तिकडे बघ, तेवढ्यात मी उरकून घेतो. लस माळेला चालणारी असेल तर ती गळ्यात असतानाच चालेल. नसेल चालत, तर खुंटीला टांगूनही चालायची नाही. पोराला एवढं सांगा आणि तो विषय मिटवा.

आता अंड्याचं. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं ठाणे जिल्ह्यात आरोग्य सेविका होते, हजारो पोरांना टोचलं असेल. त्या नोकरीतली एक गोष्ट आधी कबूल करते, म्हणजे पुढचं सगळं मी इतकं सविस्तर का सांगते आहे ते कळेल.

२०१८च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना एक-एक डोस. भिवंडीच्या बाजूला एका गावात शाळेच्या व्हरांड्यात आमचं टेबल मांडलं होतं. एक आजी नातवाचा हात धरून आली. कोकणी मुसलमान, बोली आपल्यासारखीच. म्हणाली, "बाय, यात डुकराचा काय नाय ना?" बाहेर रांग लागली होती, संध्याकाळी वरती आकडा कळवायचा होता. मी मान वर न करता म्हटलं, "छे, काही नाही." पोराला टोचलं, डाव्या अंगठ्याच्या नखावर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं.

मला तेव्हा खरोखरच ठाऊक नव्हतं, पण मग "ठाऊक नाही, विचारून सांगते" असं म्हणायला हवं होतं. त्या लशीत जिलेटिन असतं. लस टिकावी म्हणून घालतात, आणि जिलेटिन निघतं जनावराच्या कातडी-हाडांतून. माझ्या टेबलावर ती आजी उभी राहिली त्याच्या तीन महिने आधी, ऑगस्टात, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नेमक्या याच लशीवर, आपल्या पुण्यात तयार झालेल्या लशीवर, निवाडा दिला होता. त्यांनी म्हटलं, बनवताना डुकराचा अंश वापरला आहे, म्हणून एरवी ही निषिद्ध. पण दुसरी लस हाताशी नाही आणि न टोचल्याने मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून तूर्त परवानगी. इतका सरळ निवाडा. मला माहीत असता तर मी आजीला सांगितला असता आणि काय करायचं ते तिने ठरवलं असतं. कदाचित टोचूनच गेली असती. पण आठवडाभरात तिच्या मुलाने मोबाइलवर शोधलं. पुढच्या खेपेला मी त्या गल्लीत पोलिओचे दोन थेंब घेऊन गेले तर तिने दार लावून घेतलं. त्या थेंबांचा काही दोष नव्हता. माझ्या "छे"चा होता.

म्हणून तुम्हाला "छे" म्हणणार नाही.

सूनबाईंनी वाचलं ते बरोबर आहे. फ्लूच्या बहुतेक लशी कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. आणि किराणावाल्याच्या ट्रेमध्ये असतं तसलं ते अंडं नसतं. ते फळलेलं असतं, दहा-अकरा दिवस उबवलेलं, आत जीव धरलेला. कवचाला बारीक भोक पाडून फ्लूचा विषाणू आत सोडतात, दोन-तीन दिवस वाढू देतात, मग आतलं पाणी काढून घेतात. पुढे रसायनाने विषाणू मारतात, त्याचे तुकडे करतात आणि पुन्हा पुन्हा शुद्ध करतात. शेवटी अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात अंड्याचं प्रथिन सहसा एका मायक्रोग्रॅमहूनही कमी उरतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनाही आता ही लस देतात, इतकं ते थोडं असतं.

पण तुमचा प्रश्न वजनाचा नाही, हे मला कळतं. माझे वडीलही माळकरी होते. चमचाभर रस्सा आणि वाटीभर रस्सा यांत माळकरी फरक करत नाही. तेव्हा "अहो, कितीसं आहे ते" म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. अंडं कमी आहे म्हणून चालेल असं नाही. चालायचं तर दुसऱ्या कारणाने चालेल.

त्याआधी एक गाठ सोडवते. तुम्ही दोन लशी एकाच गाठोड्यात बांधल्यात. न्यूमोनियाची म्हणतात ती लस न्यूमोकॉकस नावाच्या जंतूवरची. तो जंतू कारखान्यात टाक्यांमधून वाढवतात आणि त्याच्या अंगावरच्या साखरेच्या आवरणापासून लस करतात. अंड्याचा तिथे काही संबंधच नाही. गेल्या वर्षी तुम्हाला ज्याने आडवं पाडलं त्या आजाराच्या एका मोठ्या कारणावरची लस अशी बिनअंड्याची आहे, आणि तिच्यासाठीही तुम्ही महिनाभर झोप घालवलीत! ती घ्यायला कोणाला विचारायची गरज मला दिसत नाही. तुमचं वय, साखर आणि छातीचा त्रास बघून डॉक्टर कोणती द्यायची ते ठरवतील. एका प्रकारात एकाच डोसात काम होतं, दुसऱ्यात काही काळाने आणखी एक घ्यावी लागते. फ्लूसारखी दरवर्षी नाही.

फ्लूचीही अंडं न लागणारी, पेशींमध्ये वाढवलेली लस जगात निघाली आहे. डॉक्टरांना हाही प्रश्न विचारा, की तसली यंदा आपल्याकडे मिळते का. मिळाली तर हे पत्र इथेच संपलं असं समजा. नाही मिळाली तर पुढे वाचा.

इस्पितळात तुम्ही नऊ दिवस होतात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं रक्त गोठू नये म्हणून पोटाच्या कातडीत एक बारीक सुई देतात, हेपारिनची. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं असतं. अँटिबायोटिकच्या कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं. साखरेसाठी आज जे इन्सुलिन मिळतं ते जंतू किंवा यीस्टकडून करून घेतलेलं असतं, पण आमच्या तरुणपणी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं. माझा एक काका तेच टोचून घेत वारीला जात होता आणि त्याची माळ कोणी बाटलेली म्हटली नाही. हे मी तुम्हाला कोंडीत पकडायला सांगत नाही, "झालंच आहे तर आता काय" असंही सुचवत नाही. एवढंच दाखवायचं आहे की हा प्रश्न यंदा अचानक उभा राहिलेला नाही. औषधाच्या रूपाने जनावर आपल्या अंगात केव्हाचं येतं आहे. आपण विचारत नव्हतो. तुम्ही विचारलंत, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

आता जरा बाही वर करा. तुमच्या वयाच्या माणसाच्या हातावर एखादा गोल, चपटा, चुण्या पडलेला व्रण असतो. ती देवी काढल्याची खूण. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपण "लस घेतली" म्हणत नव्हतो, "देवी काढल्या" म्हणत होतो. गावात देवी काढणारा आला की आया पोरांना कणगीमागे लपवायच्या. शब्दांची गंमत बघा, रोगाचं नावही देवी आणि त्यावरच्या टोचणीचंही देवी. आणि "लस" म्हणजे मुळात फोडातून पाझरतं ते पाणी. आपल्या देशातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ला मुंबईत टोचली गेली, तीन वर्षांच्या एका मुलीला. पुढे कितीतरी वर्षं ही लस वासरांच्या आणि रेडकांच्या कातडीवर वाढवायचे. अंगावर फोड आणायचे, ते खरवडायचे, त्यातून लस करायची. तुमच्या दंडावरचा तो व्रण अशाच कुठल्यातरी मुक्या जनावराने दिलेला आहे.

आणि तुम्ही तर आळ्याकडचे! माऊलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तुमच्या शेजारच्या गावात. मी काही कीर्तनकार नाही, पण त्या रेड्याच्या भाऊबंदांनी पुढे आपल्या दंडावरही दोन अक्षरं लिहून ठेवली, एवढा दृष्टान्त माझ्याकडून चालवून घ्या.

तुमच्या आई-वडिलांनी तुम्हाला त्या देवी काढणाऱ्यापुढे धरलं. त्यांच्या घरात पंढरीची वाट होती, शीतळाआईला दहीभाताचा नैवेद्य होता. त्यांनी दोन्ही केलं. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, १९८० साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. माहीमच्या शीतलादेवीच्या देवळात लोक अजून जातात. रोग गेला, आता आईचं काय काम, असं कोणी म्हणालं नाही.

तुमच्या सोबत्याचा दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे आणि मला वाटतं झोप त्यानेच उडवली आहे, अंड्याने नाही. भरवसा नाही का?

माझी आजी सांगायची, तिच्या काळी यात्रेला निघायचं तर पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. टोचल्याचा कागद दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. आजी तो कागद चौकोनी घडी करून पोथीच्या पानांत ठेवायची, कारण घरात तेवढी एकच जागा होती जिथून काही हरवत नसे. दंड सुजलेला, ताप आलेला, तरी चालायची. त्या सुईने आपला विठोबा रुसला असं तिच्या कधी मनातही आलं नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात पटकीने पटापट माणसं गेलेली तिने लहानपणी ऐकली होती.

आणि आजीचं कशाला, २०२० साल आठवा. माऊलींच्या पादुका त्या वर्षी आळंदीतून दशमीला एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. मोजकी माणसं, फुलांनी सजवलेली गाडी. तुम्हीही ते टीव्हीवरच बघितलं असणार, आणि तुमच्या त्या सोबत्यानेही. लाखो माणसं घरात बसली. त्या दिवशी कोणी विचारलं का, की माऊलींचा पांडुरंगावर भरवसा उरला नाही का? रोग आला म्हणून वारीने स्वतः आपली चाल बदलली आणि एकादशी एकादशीच राहिली. पाऊस पाडणारा तोच, हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असतं. तरी दिवेघाटात चार थेंब पडले की काखोटीचा प्लास्टिकचा कागद आधी उघडतो.

सोबत्याशी वाद घालू नका. बरोबर चालणारा माणूस आहे, पुढेही चालायचं आहे त्याच्याबरोबर. पण माळेबद्दलचा निवाडा त्याच्याकडून घेऊ नका. तो त्याचा अधिकार नाही. माझाही नाही, तुमच्या डॉक्टरांचाही नाही.

हा माझा मुख्य सल्ला आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. तुमच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. माझ्या छातीला ही लस हवी का, हा एक. औषध म्हणून सुईतून घेतलेल्या वस्तूने माळेचा नियम मोडतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलेलं आहे. दुसरा प्रश्न घेऊन जायचं ते ज्यांच्या हातून माळ घातलीत त्या महाराजांकडे. ते आता नसतील तर त्यांच्या फडावर जे आहेत त्यांच्याकडे. आणि तिथे जाऊन "महाराज, लस घेऊ का?" असं विचारू नका. असं विचारलंत की त्यांना डॉक्टर व्हावं लागेल, ते बिचारे कुठेतरी ऐकलेलं सांगतील आणि तुम्ही ते आज्ञा म्हणून घेऊन याल. नियमाचाच प्रश्न विचारा. वर मी अंड्याचं जे सगळं लिहिलं ते लपवून न ठेवता सांगा. फळलेलं अंडं आहे हेही सांगा. "आजारी होतो, नऊ दिवस पडून होतो, वारी चुकू नये म्हणून घ्यायची आहे" हेही सांगा. अर्धी गोष्ट सांगून मिळवलेली परवानगी तुम्हाला दिवेघाटात टोचत राहील.

प्रश्न असाच दोन भागांत फोडून विचारतात, हे मी दुसरीकडेही पाहिलं आहे. वसईकडची माझी एक ख्रिस्ती मैत्रीण करोनाच्या लशीच्या वेळी अशीच अडली होती. काही लशींच्या कामात वापरलेल्या पेशींचं मूळ फार वर्षांपूर्वी गर्भपात झालेल्या गर्भात होतं. ती फादरकडे गेली. डिसेंबर २०२०मध्ये रोमहून त्यावर उत्तर आलेलं होतं, की तशा पेशी न वापरलेली लस मिळत नसेल तर ही घेणं नीतीला धरून आहे, मात्र घेणं न घेणं ज्याच्या त्याच्या इच्छेवर असावं. तिने घेतली. तिला गर्भपात मान्य झाला का? मुळीच नाही.

माझं स्वतःचं मत विचारलंत तर तेही सांगते, झाकून ठेवत नाही. घ्या. माळ घालताना तुम्ही जिभेला आवर घातलात, आवडीने कोणाचा जीव घेणार नाही असं ठरवलंत. लस जिभेवर येत नाही, तिला चव नाही, तिची कोणाला चटक लागत नाही. वडिलांकडे जे बघितलं त्यातून माळेचा एवढाच अर्थ मला कळला आहे. पण मी माळकरी नाही, म्हणून माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

महाराजांनी "नियम मोडतो" असं सांगितलं तर? तर फ्लूची राहू द्या. मनाविरुद्ध टोचून घेतलेली सुई तुम्हाला वारीत सुखाने चालू देणार नाही. तेव्हा न्यूमोनियाची तेवढी घ्या, तंबूत दाटीने झोपताना तोंडावर मास्क ठेवा, खोकणाऱ्याच्या शेजारची पथारी टाळा. आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तरच नीट लागू पडतं.

यावरून आठवलं. वाखरीला ताप भरला आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही, हे तुम्ही पत्रात सहज एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. लशीपेक्षा मला हेच जास्त गंभीर वाटतं. ॲम्ब्युलन्समध्ये घालतील, दर्शन चुकेल, म्हणून गप्प राहिलात ना? बत्तीशी वाजत असताना रांगेत उभे राहिलात, मागे-पुढे तुमच्यासारखीच साठी-सत्तरीची माणसं, सगळ्यांची तोंडं एकमेकांच्या मानेवर. माऊली, रागावू नका, पण तिथे तुमचं चुकलं. कळसाचं दर्शन घेऊन परत फिरला असतात तरी पांडुरंगाने हजेरी लावली असती. लस घ्या न घ्या, यंदा ताप लपवायचा नाही, एवढं वचन दिंडीच्या विणेकऱ्याला देऊन निघा.

घ्यायची ठरली तर थोडं व्यवहाराचं. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका वारीच्या दिवसांत. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणून प्रस्थानाच्या निदान तीन आठवडे आधी घ्या, आळंदीला निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. ज्या वर्षी लस आणि फिरणारा विषाणू यांचा मेळ बसतो त्या वर्षी ती साधारण चाळीस ते साठ टक्के आजार टाळते. तरी काहींना फ्लू होतोच, पण बहुधा इस्पितळापर्यंत जात नाही. हे आत्ताच सांगते, नाहीतर श्रावणात सर्दी झाली की तुम्ही मला लिहाल, "ताई, अंडंही गेलं अंगात आणि सर्दीही झाली!" विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी. महाराजांना विचारताना हेही सांगा, की हे एकदाचं नाही.

मेडिकलमधून लस आणायला सांगितली तर बर्फाच्या पिशवीत आणा आणि थेट दवाखान्यात न्या. ती दोन ते आठ अंशांत राहावी लागते. घरी आणून फ्रीजरमध्ये टाकलीत तर गोठून वाया जाईल. त्या दिवशी ताप असेल तर पुढे ढकला. पूर्वी कुठल्या लशीने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास कोंडला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. हरिपाठ होतो तेवढ्यात. दंड एक-दोन दिवस ठणकेल. पताका ज्या खांद्यावर घेता त्याच्या दुसऱ्या हाताला टोचून घ्या.

आता वहिनी. "बायको काहीच बोलत नाही" असं तुम्ही लिहिलंत. त्या नऊ दिवस कुठे होत्या, ते तुमच्या पत्रात नाही. इस्पितळात आत एकालाच सोडतात, म्हणजे त्या बाहेर कुठल्यातरी बाकड्यावर पिशवी उशाला घेऊन बसल्या असणार, दर वेळी दार उघडलं की उठून उभ्या राहत असणार. असल्या बाया मी एकतीस वर्षं बघितल्या आहेत. त्या तेव्हाही काही बोलत नाहीत. महाराजांकडे जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या, मुलाला नाही. कोपरखैरण्याहून आळंदी काही लांब नाही. आणि तुमचं विचारून झालं की उठून निघू नका. महाराजांना म्हणा, हिलाही काही विचारायचं असेल. मग तुम्ही थोडं बाहेर, ओसरीवर जाऊन बसा.

राम कृष्ण हरी.